भिंतीलाही कान होते तो काळ

हेन्री आठवा म्हटलं की आपल्याला त्याच्या सहा बायका आठवतात आणि विषय तिथेच संपतो. गेले काही महिने मी ट्यूडर काळातल्या रहस्यकथा ऐकतोय. वाचत नाही, ऐकतोय, तेही बहुधा रात्री दिवा मालवून. या कथांत राजा क्वचित दिसतो. दिसतात ती त्याच्या फर्मानाखाली जगणारी माणसं, आणि मला रस त्यांच्यातच आहे.

या प्रकारात माझ्या मते सी. जे. सॅन्सम यांच्या जवळपास कुणी जात नाही. इतिहासात पीएच.डी. आणि पेशाने वकील. २००३ साली त्यांची ‘डिसोल्यूशन’ आली, २०१८ पर्यंत मालिकेत सात कादंबऱ्या झाल्या, आणि २०२४ मध्ये ते गेले. नायक मॅथ्यू शार्डलेक हा पाठीला कुबड असलेला लंडनचा वकील. १५३७ साली राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल त्याला एका मठात पाठवतो, कारण तिथे सरकारी अधिकाऱ्याचं मुंडकं उडवलं गेलंय. मठ काल्पनिक आहे, पण मठ बंद करून त्यांची मालमत्ता राजाच्या तिजोरीत टाकण्याची मोहीम खरी. १५३६ ते १५४० या काळात आठशेच्या आसपास मठ गेले. सगळी हकीकत शार्डलेक स्वतः सांगतो, त्यामुळे कानाला ती एखाद्या जबानीसारखी लागते.

हे कानाचं प्रकरण मला महत्त्वाचं वाटतं. १५३४ च्या राजद्रोहाच्या कायद्याने नुसतं बोलणंही गुन्हा ठरवलं. राजाला पाखंडी किंवा जुलमी म्हटलं तरी फासावर. तलवार उचलायची गरज नाही, जीभ पुरेशी. म्हणजे शेजारी, नोकर, दारूच्या गुत्त्यात बाजूला बसलेला माणूस, प्रत्येक जण संभाव्य साक्षीदार. अशा काळातली कुजबुज छापील पानावर अवतरणचिन्हांत बंद होते. ऐकताना मात्र बोलणारा कुठे थांबला, कुठे त्याने आवाज खाली आणला, हे कळतं. गुन्हा बोलण्यातच असेल तर तपासही कानानेच व्हायचा.

आणि हे सगळं कादंबरीकाराच्या कल्पनेतून आलेलं नाही. सर थॉमस मोर यांचा १५३५ चा खटलाच पाहा. राजा हा इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख आहे, असं म्हणायला त्यांनी नकार दिला, पण नकाराचं कारण सांगितलं नाही. स्वतः कायदेपंडित. गप्प बसण्याला हा कायदा लागू होत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मग सरकारी वकील रिचर्ड रिच याने साक्ष दिली, की टॉवरच्या कोठडीत मोर माझ्याशी बोलताना राजाचं हे प्रमुखपद नाकारून बसले. मोर यांनी ते साफ नाकारलं. त्या वेळी कोठडीत आणखी दोन माणसं होती, मोर यांची पुस्तकं बांधून न्यायला आलेली. मोर यांचे जावई विल्यम रोपर यांनी लिहून ठेवलंय, की त्या दोघांनी कोर्टात सांगितलं, आम्ही पुस्तकं भरण्यात गुंतलो होतो, बोलण्याकडे आमचं लक्ष नव्हतं. एका खोलीत चार माणसं, आणि त्यातल्या दोघांना काही ऐकूच आलं नाही! मोर यांचं डोकं उडवलं गेलं. अर्थात तेही काही संत स्वभावाचे नव्हते. चॅन्सेलर असताना त्यांच्या कारकिर्दीत पाखंडी ठरवलेले लोक जिवंत जाळले गेलेच.

तेव्हा ईमान कुठल्या बाजूला ठेवायचं? ३० जुलै १५४० रोजी लंडनच्या स्मिथफील्डमध्ये सहा जणांना मारलं. तिघे राजाचं प्रमुखपद न मानणारे कॅथलिक, त्यांना राजद्रोही म्हणून. तिघे सुधारणावादी, त्यांना पाखंडी म्हणून जाळलं. एकच दिवस, एकच मैदान. त्याच्या दोनच दिवस आधी खुद्द क्रॉमवेलचं शिर गेलं होतं.

मला या मालिकेत सगळ्यात जवळचा वाटतो तो ब्रदर गाय. मठाचा वैद्य, काळ्या वर्णाचा, स्पेनमधल्या मूर कुटुंबात जन्मलेला ख्रिस्ती. १४९२ मध्ये ग्रॅनाडा पडलं तेव्हाच्या तहात मुसलमानांना धर्म पाळू देण्याचं वचन होतं. दहा वर्षांत ते मोडलं, आणि कॅस्टिलमध्ये धर्म बदला किंवा देश सोडा असा हुकूम निघाला. ज्यांनी बदलला त्यांच्यावरही संशय राहिलाच. शेवटी १६०९ पासून त्यांच्या नातवंडा-पतवंडांना हाकलण्यात आलं. सॅन्समचा हा वैद्य निष्ठेने ख्रिस्ती आहे, तरी मठात खून झाला की नजरा आधी त्याच्याकडे वळतात. हे समजून घ्यायला मला तळटीप लागली नाही. कुणी म्हणेल, ट्यूडर इंग्लंडमध्ये कसला आलाय काळा माणूस? १५११ च्या दरबारी स्पर्धेच्या चित्रपटात जॉन ब्लँक नावाचा काळा तुतारीवाला घोड्यावर बसलेला आहे. डोक्याला पागोटं आहे.

रहस्यकथेत शेवटी खुनी सापडतो, म्हणून ती रात्री ऐकवते. पण रिचर्ड रिच सॅन्समच्या कादंबऱ्यांतही खलनायक म्हणून येतो आणि शार्डलेकला त्याचं काहीही वाकडं करता येत नाही. कसं येणार? खरा रिच पुढे स्वतः लॉर्ड चॅन्सेलर झाला. हेन्री, एडवर्ड, मेरी, एलिझाबेथ, चौघांच्या राज्यात धर्म बदलत गेला आणि हा टिकून राहिला. १५६४ मध्ये त्याने एसेक्समधल्या फेल्स्टेडला शाळा काढली. १५६७ मध्ये आपल्या मरणाने मेला. त्याच गावच्या चर्चमध्ये त्याची कबर आहे, आणि शाळा अजून चालू आहे.