जुन्या अमेरिकी मोटारींतील हीटर व डॅशबोर्डवरील नियंत्रणे
इंदापूर तालुक्यात वालचंदनगर वसवणाऱ्या वालचंद हिराचंद यांनीच 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. क्रायस्लरशी करार करून या कंपनीने कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज, प्लिमथ, डिसोटो या गाड्यांची जोडणी केली. अशा अमेरिकी गाड्यांत हीटर बहुधा जादा पैसे मोजून घ्यायचा भाग असे. बारामती-इंदापूरच्या अवर्षणप्रवण पट्ट्यात तो निरुपयोगीच, असे सहज म्हटले जाते; पण त्याची रचना पाहिली की हे मत टिकत नाही. इंजिनातले गरम पाणी रबरी नळीने डॅशबोर्डखालच्या छोट्या रेडिएटरमध्ये येते आणि पंखा त्यातून हवा ढकलतो. डॅशबोर्डवरची दांडी सरकवली की आतल्या तारेने पाण्याचा व्हॉल्व्ह उघडतो किंवा हवेची झडप फिरते. 1939 मध्ये नॅश कंपनीने आणलेल्या ‘वेदर आय’मध्ये बाहेरची ताजी हवा तापवून आत सोडली जाई.

घाट चढताना इंजिन तापू लागले, तर हीटर पूर्ण उघडल्याने थोडी उष्णता निघून जाते. पावसाळ्यात काचेवर आतून धरलेला दमट थरही याच गरम हवेने उडतो. रेडिएटर गळतो, म्हणून नळ्या परस्पर जोडून हीटर वगळावा, हा मेकॅनिकांचा आक्षेप रास्त आहे, पण तो वाटेतल्या दुरुस्तीपुरताच. पितळी-तांब्याच्या गळक्या रेडिएटरला डाख देता येतो आणि गंजलेली तार बदलता येते.