पुरातत्त्वातील एम.ए.चा प्रबंध : विषय नवी मुंबईच्या मातीतला

पुरातत्त्वशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यासक्रम पूर्ण करताना विद्यार्थ्याला सहसा एक लघुप्रबंध लिहावा लागतो. विषय निवडताना अजिंठा, वेरूळ किंवा हडप्पा ही नावे प्रथम डोळ्यांपुढे येतात. तथापि मोजक्या महिन्यांत, एकट्याच्या बळावर पुरा होईल असा विषय बहुधा घराजवळच सापडतो.

नवी मुंबई हे याचे उत्तम उदाहरण होय. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनीवर नवे शहर आखले गेले. शहर नवे असले तरी भूमी जुनी आहे. बेलापूरच्या किल्ल्याचे अवशेष आजही खाडीकाठी आहेत. उरण तालुक्यातील रानवड व चांजे येथे शिलाहार राजा सोमेश्वराचे तेराव्या शतकातील शिलालेख मिळाले. समोरच्या घारापुरीच्या लेण्यांना १९८७ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

पूर्वतयारी

क्षेत्रात उतरण्यापूर्वी आधीचे लेखन वाचणे अनिवार्य असते. १८८२ चे ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर, शं. गो. तुळपुळे यांचा 'प्राचीन मराठी कोरीव लेख' (१९६३) आणि वा. वि. मिराशी यांचा शिलाहार लेखांचा संग्रह (१९७७) ही येथील अभ्यासाची मूलभूत साधने होत. पनवेल, उरण हा भाग त्या गॅझेटियरच्या काळी ठाणे जिल्ह्यातच मोडत असे, हे ध्यानात ठेवावे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात डॉ. ह. धी. सांकलिया यांच्या शिष्यांनी एकेक जिल्हा वा नदीखोरे घेऊन पाहणी केली. एम.ए.च्या विद्यार्थ्याने त्याच पद्धतीने दहा-बारा गावठाणे घेतली तरी पुरे.

पाहणी व नोंद

देवळाचे आवार, तळ्याचा काठ, गावाची शीव येथे वीरगळ, सतीशिळा, गधेगाळ आढळण्याचा संभव असतो. प्रत्येक वस्तूचे स्थान, मापे, दगडाचा प्रकार, दिशा आणि मापपट्टीसह छायाचित्र नोंदवावे. शेंदूर लावलेला दगड गावकऱ्यांच्या लेखी देव असतो. त्याला हात लावण्यापूर्वी परवानगी घ्यावी आणि वृद्धांकडून त्याची हकिकतही टिपून घ्यावी. दगड मूळ जागी आहे की दुसरीकडून आणलेला, हे पुष्कळदा त्यांनाच ठाऊक असते.

विद्यार्थ्याने स्वतःहून उत्खनन करू नये. संरक्षित स्थळी १९५८ च्या केंद्रीय कायद्यानुसार त्यासाठी परवाना लागतो. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडल्यास १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते.

लेखन

प्रबंधात एकच नेमका प्रश्न असावा. 'पनवेल परिसराचा इतिहास' हा विषय नव्हे. 'खाडीकाठच्या गावांतील वीरगळ कोठे व का आढळतात' हा विषय होय. प्रत्यक्ष पाहिलेले आणि त्यावरून काढलेले अनुमान ही दोन्ही स्वतंत्र प्रकरणांत मांडावीत. अनुमान पुढे चुकीचे ठरले, तरी अचूक नोंद उपयोगी पडते.

या नोंदीचे मोल येथे विशेष आहे. विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापण्यात आली, उलवे नदीचा प्रवाह वळविण्यात आला, गावे हलविण्यात आली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले. गाव उठते तेव्हा देवळापुढचा दगड नव्या वसाहतीत नेता येतो. पण तो कोणत्या वाटेवर, कोणत्या तळ्याकाठी उभा होता हा संदर्भ नेता येत नाही. पुरातत्त्वात वस्तूइतकेच, किंबहुना अधिक महत्त्व या संदर्भाला असते. ग्रंथालयातील एखादा साधा लघुप्रबंध उद्या त्या जागेचा एकमेव पुरावा ठरू शकतो.