अर्ध्या चेहऱ्याचे पैसे

पुढच्या महिन्यात आजीचं सहस्रचंद्रदर्शन आहे. त्यासाठी तिचा मोठा फोटो मी काढायचा असं घरात परस्पर ठरलं. मी इंजिनिअर, माझ्याकडे कॅमेरा, म्हणजे झालंच! आजी मात्र एकच वाक्य बोलली. "मी गेल्यावर हाच लावाल ना ह्यांच्या शेजारी? मग नीट काढ."

झालं. साधा फ्लॅश मारून मोकळं होण्याची सोय संपली.

मग गेल्या शनिवारी मी एक स्ट्रिप सॉफ्टबॉक्स आणला. एक फूट रुंद, चार फूट उंच, पुढे पांढरं कापड आणि त्यावर लावायची काळ्या कापडाची चौकोनी जाळी, म्हणजे ग्रिड. आजीला बसवलं, बॉक्स उजव्या बाजूला उभा केला, जाळी चढवली. कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो बघून मी स्वतःवरच खूश. उजवा गाल उजळलेला, डावी बाजू गडद काळी, मागची भिंत गायब. एकदम चित्रासारखा! आजीने चष्मा लावून पाहिला आणि विचारलं, "उरलेला चेहरा कुठाय?"

आता गंमत अशी की नेमका हाच प्रश्न १९१५ साली हॉलीवूडमध्ये विचारला गेला होता. सेसिल बी. डीमिल तेव्हा 'द वॉरन्स ऑफ व्हर्जिनिया' हा मूकपट करत होता. त्याने नटाच्या अर्ध्याच चेहऱ्यावर उजेड टाकला. न्यूयॉर्कहून सॅम्युअल गोल्डफिशचा (हाच पुढे गोल्डविन झाला) निरोप आला की अर्धाच नट दिसत असेल तर थिएटरवाले अर्धेच पैसे देतील. डीमिलने उलट कळवलं, ही रेम्ब्रांटची प्रकाशयोजना आहे. त्यावर उत्तर आलं, मग दुप्पट घेऊ! किस्सा स्वतः डीमिलनेच सांगितलेला आहे, त्यामुळे थोडं मीठमसाला धरून चाला. पण आजीवर रेम्ब्रांटचा काहीही परिणाम होणार नव्हता. म्हणून मग मी वाचायला बसलो, की ही सावली स्टुडिओत आली कुठून.

सुरुवातीला प्रश्न सावलीचा नव्हताच, उजेड पुरवण्याचा होता. १८३९ मध्ये डगेरोटाइप जाहीर झाला, आणि १८४१ मध्ये रिचर्ड बिअर्डने लंडनला रॉयल पॉलिटेक्निकच्या गच्चीवर इंग्लंडमधला पहिला पोर्ट्रेट स्टुडिओ उघडला. वर काचेचं छप्पर, आणि काच निळी. का, तर त्या पट्ट्यांना निळा-जांभळा उजेडच कळायचा. मग बाकीचे रंग कशाला आत घ्यायचे? बसलेल्या माणसाचे डोळेही कमी दिपायचे. मला हे फार आवडलं. नको ते गाळून टाकायचं, हवं ते राहू द्यायचं. स्टुडिओच्या उजेडाचा पुढचा सगळा इतिहास ह्याच दिशेने गेला आहे.

पुढे काचेच्या छपरांना दोऱ्यांनी सरकणारे पडदे आले. म्हणजे काय, तर सगळं आकाश झाकून हवी तेवढी फट उघडी ठेवायची. माझा एक बाय चार फुटांचा बॉक्स म्हणजे अशी एक उभी फटच की!

सगळ्यात भन्नाट माणूस ऑस्कर रेलँडर. हा मूळचा स्वीडिश. त्याने १८६२ च्या सुमारास लंडनमध्ये बोगद्यासारखा स्टुडिओ बांधला. माणूस काचेच्या, उजेडाच्या भागात बसायचा आणि कॅमेरा निमुळत्या अंधाऱ्या भागात. त्यामुळे इकडचा तिकडचा उजेड भिंगात शिरत नसे, आणि अंधाराकडे बघून माणसाच्या बाहुल्या मोठ्या होऊन डोळे खोल दिसत. उजेड मोजायला त्याच्याकडे मांजर होतं असं सांगतात. मांजराच्या बाहुल्या बारीक रेघ झाल्या असतील तर काम सुरू. पार विस्फारल्या असतील तर सरळ फिरायला जायचं. (माझा लाइट मीटर मांजरापेक्षा कितीतरी महाग पडला. असो.)

विजेचा उजेड पोर्ट्रेटसाठी आणण्याची खटपट पॅरिसमध्ये नादारने केली. त्याने १८६१ मध्ये पॅरिसच्या भुयारांत बॅटऱ्या नेऊन फोटो काढले. एकेक फोटो अठरा-अठरा मिनिटांचा, तेवढा वेळ कामगार स्तब्ध उभे कसे राहणार, म्हणून त्यांच्या जागी पुतळे! पण त्याआधी माणसांवर प्रयोग करताना त्याला कळलं की आर्क दिव्याचा उजेड फार कठोर पडतो, सावल्या शाईसारख्या काळ्या येतात. मग त्याने मध्ये दुधी काच धरली, पांढऱ्या कापडाचे पडदे आणि आरसे लावून बघितले. दुधी काचेमागे दिवा ठेवला की सॉफ्टबॉक्स अर्धा तयार झालाच.

१८७७ मध्ये व्हान डर वेडने लंडनच्या रीजंट स्ट्रीटवर विजेवर चालणारा स्टुडिओ काढला आणि धुक्याच्या दिवशीही धंदा सुरू राहिला. १८८७ ला जर्मनीत मॅग्नेशियमची फ्लॅश पावडर आली, १९३० च्या दशकात एमआयटीत एडगर्टनचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅश. उजेडाची टंचाई संपली. तेव्हापासून काम उरलं ते उजेड अडवण्याचं. घडी होणारे, तंबूसारखे सॉफ्टबॉक्स शिमेरा कंपनीने १९८० पासून विकायला सुरुवात केली, आणि आज त्याच जातीची वस्तू माझ्या हॉलमध्ये सोफ्याला खेटून उभी आहे.

आता जाळीचं गणित. एका घराची रुंदी आणि खोली सारखी असेल, तर समोरच्या रेषेपासून दोन्ही बाजूंना ४५ अंशांपलीकडे उजेड पूर्ण बंद. खोली दुप्पट केली की हाच कोन २७ अंशांवर येतो. म्हणून घेताना नुसता छापलेला आकडा वाचू नका, घर मोजा. जाळी उजेड खातेही बराच, त्यामुळे फ्लॅश वाढवावा लागतो. आणि बॉक्स उभा असल्याने उजेड वरपासून खालपर्यंत मऊ पसरतो, आडवा मात्र पटकन तुटतो. आजीचा डावा गाल गेला तो इथेच.

म्हणजे चूक बॉक्सची नव्हती, जागेची होती. ही उभी फट चेहऱ्यासमोर ठेवायची गोष्टच नाही, माणसाच्या मागून तिरकी लावायची गोष्ट आहे. काल तसंच केलं. बॉक्स आजीच्या मागे उजवीकडे नेला. जाळीमुळे उजेड भिंगात आला नाही (रेलँडरचा बोगदा!). समोरून गॅलरीचा दरवाजा उघडून त्याला पांढरी चादर टांगली. तिच्या पांढऱ्या केसांवर एक चांदीची कड आली, आणि चेहरा पूर्ण, दोन्ही डोळ्यांसकट.

आजीने पुन्हा चष्मा लावला. बराच वेळ बघितलं. "हां, आता मी आहे," म्हणाली. मग बोट ठेवलं. "पण हा कान?"

डावा कान केसांच्या सावलीत गेला होता. त्यात आजोबांनी पहिल्या बोनसमधून केलेली कुडी आहे. भिंतीवरच्या आजोबांच्या फोटोत दोन्ही कान दिसतात. साताऱ्याच्या कुठल्याशा स्टुडिओत समोरून दोन दिवे लावून काढलेला, एकदम सपाट, त्यांच्या डोळ्यांत ते दोन ठिपके अजून दिसतात. मी इतकी वर्षं त्या फोटोला हसायचो.

येत्या शनिवारी पुन्हा बसवतोय तिला. डावीकडे एक पांढरा पुठ्ठा धरायला धाकट्या भावाला बोलावलंय.