रविवारची सुट्टी आणि खिशातला मोबाईल

रविवारी सकाळी डोळे उघडल्यावर तुम्ही आधी काय बघता? बरेच जण सांगतात, "कंपनीचा व्हॉट्सॲप ग्रुप." नागापूर, सुपा एमआयडीसीतले रुग्ण झोप न लागणे, धडधड, ॲसिडिटी अशा तक्रारी घेऊन येतात. तपासण्या नॉर्मल निघतात. बोलता बोलता कळतं, "साहेबांचा मेसेज बघायचा राहिला तर?" ही धास्ती सुट्टीतही सुटत नाही.

ही सुट्टी आपल्याला मिळाली कशी, हे माहीत आहे का?

मुंबईच्या गिरण्यांत तेव्हा दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम चाले. आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. महात्मा फुले यांचे सहकारी, 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून ही मागणी लावून धरली. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मीला सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत स्त्री कामगारही बोलल्या. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढे १८९१ च्या फॅक्टरी कायद्यात साप्ताहिक सुट्टी आली. लोखंडे १८९७ मध्ये प्लेगच्या साथीत वारले.

आज सुट्टी कागदावर आहे, पण मन कामावरच असतं. काहीतरी आपल्यावाचून घडेल आणि आपण मागे पडू, या भीतीला 'फोमो' म्हणतात. हा शब्द २००४ मध्ये अमेरिकेत पॅट्रिक मॅकगिनिस यांच्या लेखामुळे रूढ झाला. २०१३ च्या एका अभ्यासात ही भीती जास्त असणाऱ्यांमध्ये मनःस्थिती आणि आयुष्याबद्दलचं समाधान कमी आढळलं.

यात सगळा दोष कर्मचाऱ्याचा नाही. रात्री मेसेजला उत्तर न दिल्यावर दुसऱ्या दिवशी बोलणी खावी लागत असतील, तर भीती वाटणारच. म्हणूनच फ्रान्सने २०१७ पासून कामाच्या वेळेनंतर संपर्काबाहेर राहण्याचा हक्क कायद्यात आणला. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत तसं खासगी विधेयक मांडलं होतं.

तुम्ही काय कराल?

- ग्रुप म्यूट करा. तातडीचं काम असेल तर फोन करा, असं सहकाऱ्यांना सांगून ठेवा.
- झोपताना मोबाईल उशाशी नको, दुसऱ्या खोलीत ठेवा.
- दोन आठवडे झोप किंवा मन ठीक नसेल तर डॉक्टरांना भेटा.
- छातीत दुखलं तर 'टेन्शन असेल' म्हणून घरी थांबू नका, लगेच तपासून घ्या.

आणि तुम्ही स्वतः साहेब असाल, तर रविवारचा मेसेज सोमवारी पाठवा.