घुंगरू आणि उंबरठा : हंसा वाडकरांच्या निमित्ताने

मराठी दूरचित्रवाणी मालिकेत नर्तकी सून म्हणून आली की पुढचे कथानक प्रेक्षकाला पाठ असते. सासू तोंड फिरवते, नवरा आई आणि बायको यांच्यामध्ये घुसमटतो आणि सुनेने घुंगरू उतरवून ठेवले की घर तिला पदरात घेते. घुंगरू आणि उंबरठा यांचा हा झगडा मालिकांच्या कितीतरी आधी तमाशापटांनी मांडला होता. त्या तमाशापटांची नायिका हंसा वाडकर (१९२३–१९७१) यांचे आयुष्य मात्र या सुखान्ताला छेद देते.

तमाशापटांची परंपरा ‘लोकशाहीर राम जोशी’पासून (१९४७) रुजली असे सामान्यतः मानले जाते. त्यात हंसाबाईंनी बया रंगवली. राम जोशी सोलापूरचा ब्राह्मण. तमाशाच्या नादाने त्याला घर दुरावले. पण पुढे कीर्तनाच्या वाटेने प्रतिष्ठितांत पुन्हा स्थान मिळाले. पुरुष कलावंताला परतीचा रस्ता होता. बयेसाठी परंपरेने तसा रस्ता आखलाच नाही.

हंसाबाईंचे मूळ नाव रतन साळगावकर. जन्म कलावंतिणीच्या घराण्यातला. ‘विजयाची लग्ने’मधून (१९३६) त्या पडद्यावर आल्या आणि लहान वयातच जगन्नाथ बंदरकरांशी त्यांचे लग्न झाले. लग्नानंतर संसारच करावा अशी त्यांची इच्छा होती. परंतु घर त्यांच्या मिळकतीवर अवलंबून होते. म्हणजे काम थांबवायचे नाही आणि त्या कामापायी संशयही सोसायचा, असा हा दुहेरी पेच. मालिकेतील सासरला सुनेचे नाचणे नकोसे असते. येथे तिचा पैसा हवा होता, फक्त तिची मोकळीक नको होती.

आपल्या भागातील वाचकाने थबकावे असा एक प्रसंग त्यांच्या आत्मकथनात आहे. पतीचे घर सोडून त्या एका गृहस्थाबरोबर निघाल्या आणि मराठवाड्यातील एका आडगावी, त्याची तिसरी पत्नी म्हणून सुमारे तीन वर्षे राहिल्या. हवे असलेले घर मिळाले, पण बाहेर पडण्याची मुभा गेली. सुटकेसाठी अखेर पतीचाच आधार घ्यावा लागला आणि त्या सुटकेच्या वेळी एका मॅजिस्ट्रेटने आपल्यावर अत्याचार केल्याचे त्यांनी सांगितले आहे.

१९५९ साली अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ आला. पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात तो अडीच वर्षांच्या आसपास चालला. त्याचेच नाव हंसाबाईंनी १९७० साली आलेल्या आत्मकथनाला दिले. शब्दांकन अरुण साधू यांचे. त्यावर बेतलेल्या श्याम बेनेगल यांच्या ‘भूमिका’मध्ये (१९७७) स्मिता पाटील यांनी नायिका साकारली. मात्र मॅजिस्ट्रेटचा प्रसंग त्या चित्रपटात नाही. सर्वांत जळजळीत साक्ष शेवटी पुस्तकातच राहिली.

नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या यात्रेत आजही लावणीला गर्दी लोटते. त्या गर्दीतला रसिक घरी परतल्यावर कुणाचा तरी सासरा, दीर किंवा नवरा असतो. म्हणूनच ‘सांगत्ये ऐका’ शिकवताना ते केवळ एका नटीचे धीट आत्मकथन म्हणून शिकवणे अपुरे ठरते. नर्तकीला सून करून घेण्याची अट कोण ठरवतो आणि तिच्या घुंगरांवर कोण जगतो, हे दोन प्रश्न एकत्र विचारायला हे पुस्तक भाग पाडते. मालिका यांपैकी पहिलाच प्रश्न विचारते, म्हणून तिचा शेवट गोड होऊ शकतो.