पंचहौदांतील चहा आणि विलायती तिसऱ्या प्रहराचा उपचार

जुन्या कागदांचे संग्राहक निवाडे, महजर आणि वतनपत्रें जिवापाड जपतात. परंतु वाण्याच्या खातेवहींतील किराण्याच्या चार ओळी वाळवीच्या स्वाधीन करतात. चहा ही वस्तु अशाच ओळींत दडलेली असल्यामुळें तिला इतिहास आहे हें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. प्रस्तुत लेखक राहतो तें कर्जत अहमदनगर (इ. स. २०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यांतील होय, बोरघाटाच्या पायथ्याचें, रेल्वेचें कर्जत तें निराळें. येथें पाहुणा ओसरीवर टेकला कीं पाण्याच्या तांब्यामागून चहा येतो, आणि तो नको म्हणणें हा घरच्या माणसांस अपमान वाटतो. सव्वाशें-दीडशें वर्षांपूर्वीं याच महाराष्ट्रांत चहाचा पेला हातांत घेतला म्हणून विद्वानांस धर्मपीठापुढें जाब द्यावा लागला होता. त्या प्रकरणास पुण्याचें 'चहा-ग्रामण्य' म्हणतात. त्याची हकीकत पुष्कळांनीं लिहिली आहे. परंतु त्या दिवशीं जो विलायती उपचार घडला, तो मुळांत कसा असतो हें लक्षांत घेतल्याशिवाय वादाचें मर्म कळत नाहीं, असें आम्हांस वाटतें.

प्रथम पान आणि उपचार यांची फारकत केली पाहिजे. पान पश्चिम हिंदुस्थानास नवें नव्हतें. मांडेल्स्लो हा जर्मन प्रवासी इ. स. १६३८ त सुरतेस होता. तेथील वखारींत रोजच्या बैठकींस चहा घेत असल्याचें त्यानें नमूद केलें आहे. इ. स. १६८९ त सुरतेस आलेला ओव्हिंग्टन हा पाद्री तर तेथील वाणी लोक खडीसाखर किंवा मुरवलेलें लिंबू घालून चहा घेत, आणि डोकेदुखी, पोटशूळ इत्यादींवर मसाले घालून त्याचा उपयोग करीत, असें सांगतो. म्हणजे शिवछत्रपतींच्या नंतरच्या दशकांत सुरतेचा वाणी चहा पीत होता, आणि त्यास कोणी वाळीत टाकलें नाहीं. आणखी एक योगायोग येथें सांगण्याजोगा आहे. इ. स. १६६१ च्या तहानें पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजास देण्याचें ठरलें. आंदणांत मुंबई बेट गेलें, आणि इंग्रज दरबारांत चहाची आवड रुजविण्याचें श्रेयही याच राणीस देतात. मुंबई आणि चहा हीं दोन्हीं इंग्रजांच्या पदरीं एकाच लग्नानें पडलीं, असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं.

उपचार मात्र पुष्कळ अर्वाचीन आहे. अठराव्या शतकांतील इंग्रज सकाळच्या न्याहारीबरोबर व रात्रीच्या जेवणानंतर चहा घेई. पुढें जेवणाची वेळ लांबत लांबत रात्रीं सात-आठांवर गेली, आणि दुपारचा फराळ व रात्रीचें जेवण यांत मोठी पोकळी पडली. इ. स. १८४० च्या सुमारास बेडफर्डची डचेस ॲना मरायया हिनें ती चहा, पाव व लोणी यांनीं भरून काढली, आणि मैत्रिणींस बोलावण्याचा परिपाठ घातला, अशी परंपरा सांगतात. कालनिर्णयाच्या दृष्टीनें ही गोष्ट महत्त्वाची आहे. इ. स. १८०३ च्या ऑगस्टांत वेलस्लीनें नगरची पेठ व मागाहून किल्ला घेतला. इंग्रज सकाळीं तट चढले, लढले आणि न्याहारीस परतले, असे उद्गार त्याच्या छावणींतील एका मराठे सरदारानें काढल्याचें प्रसिद्धच आहे. त्या न्याहारीच्या मेजावर चहा असेल. पण त्या काळच्या एखाद्या कागदांत साहेबाच्या चहाचा उल्लेख आढळला, तर त्यावरून चार वाजतांच्या मेजवानीचें चित्र रंगविणें म्हणजे आजोबांच्या लग्नांत नातवाचा फेटा घालणें होय.

आतां त्या उपचाराचा विधि. चहादाणी आधीं उकळत्या पाण्यानें विसळून ऊन करावी. मग माणशीं एक चमचा पत्ती, आणि एक भांड्याच्या नांवानें, हें जुनें माप. वर खळखळ उकळतें पाणी ओतून तीन ते पांच मिनिटें झांकून ठेवावें. पत्ती चुलीवर कढवीत नाहींत, हा त्यांतील मुख्य भेद. वैद्यकाच्या परिभाषेंत बोलावयाचें तर आपण करतों तो काढा, आणि त्यांचा तो फांट. दूध पेल्यांत आधीं घालावें कीं मागून, हा वाद तेथें अद्यापि मिटलेला नाहीं. खाण्याचाही क्रम ठरलेला: काकडीच्या पातळ चकत्या घातलेले लोण्याचे सँडविच पहिल्यानें, मग स्कोन नांवाचे लहान फुगीर पाव, आणि गोड केक शेवटीं. स्कोन हातानें उकलून त्यावर घट्ट साय व मुरंबा लावतात. डेव्हन परगण्याचे लोक साय आधीं लावतात, कॉर्नवॉलचे मुरंबा आधीं. आपल्याकडील शाखाभेदाची आठवण व्हावी इतक्या निष्ठेनें हा भेद पाळला जातो! ढवळल्यावर चमचा बशींत ठेवावा. मेजाशीं बसल्यास बशी मेजावरच राहूं द्यावी, दूर बसल्यास ती डाव्या हातांत धरावी. फुरका मारूं नये. बशींत ओतून पिणें आज तेथें गांवढळपणाचें मानतात. तथापि अठराव्या शतकांत खुद्द विलायतेंत तसें पीत असत. तेव्हां कर्जतच्या बाजारांत बशीनें चहा पिणाऱ्या गांवकऱ्यास हंसणाऱ्यानें त्या साहेबाच्या पूर्वजांसही हंसावें.

हल्लीं शहरांतील निमंत्रणपत्रिकांवर 'हाय टी' असें छापतात, तेंही विपरीतच. बैठकीच्या खोलींत ठेंगण्या मेजावर मांडतात तो दुपारचा चहा. 'हाय टी' म्हणजे कामकरी लोकांचें संध्याकाळचें पोटभर जेवण, जेवणाच्या उंच मेजावरचें.

या सर्व विधींत आमच्या विषयाला लागू पडणारी गोष्ट एकच. चहा ओतण्याचा मान यजमानिणीचा असतो. चाकर सरंजाम आणून ठेवतात. परंतु साखर किती, दूध किती हें ज्याला त्याला विचारून ती स्वतः पेला भरते, आणि पाहुण्यानें तो घ्यावयाचा असतो. प्यालाच पाहिजे असा निर्बंध नाहीं. न घेणें मात्र उद्धटपणाचें. आपल्या दृष्टीनें पाहतां ही पंक्ति झाली, आणि यजमानीण ही वाढपी झाली.

इ. स. १८९० च्या ऑक्टोबरांत पुण्याच्या पंचहौद मिशनांत नेमकें हेंच घडलें. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पति गोपाळराव जोशी यांच्या खटपटीनें तेथें व्याख्यानाचा बेत झाला. न्यायमूर्ति रानडे, टिळक, गोखले आदि मंडळी जमली. व्याख्यानानंतर चहा-बिस्किटें पुढें आलीं. कोणी घेतलीं, कोणी यजमानांचें मन राखण्यापुरता पेला हातांत धरून खालीं ठेवला. पुढें गोपाळरावांनीं हजर असणारांचीं नांवें 'पुणे-वैभव' पत्रांत छापून आणलीं, आणि गांवांत एकच काहूर उठलें. सरदार बाळासाहेब नातू प्रभृतींनीं शंकराचार्यांकडे फिर्याद नेली. आचार्यांनीं चौकशीसाठीं शास्त्री पाठविले. चाळिसांहून अधिक गृहस्थांवर आरोप होता.

वादाचा कणा पाहा. पानाबद्दल तक्रार नव्हती. तें तर घरोघरीं येऊं लागलें होतें. तक्रार होती ती हाताची, भांड्याची आणि बैठकीची. मिशनाच्या हातचें पाणी त्यांत मुरलेलें. चिनी मातीचा पेला घासून शुद्ध होत नाहीं. आणि बिस्किट तर भट्टींत भाजलेलें पक्वान्नच. विलायती शिष्टाचारांत 'घेतला पण प्यालों नाहीं' यास प्रतिष्ठेची जागा आहे. धर्मशास्त्राच्या पंक्तीला ती नाहीं. म्हणूनच कोण प्याला, कोणी नुसता हात लावला आणि कोण केवळ हजर होता, याचा कीस निघाला. एकाच कृतीला दोन संहिता लागू झाल्या, आणि ज्यानें जी निवडली तिच्याप्रमाणें तो निर्दोष किंवा दोषी ठरला. गोपाळरावांनीं ही विसंगति हेरून मुद्दाम चव्हाट्यावर मांडली असें आमचें मत आहे, मग त्यांचा हेतु थट्टेचा असो वा खोडीचा.

टिळकांनीं आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचें पुढें मांडलें. तरीही त्यांच्या घरच्या कार्यांस भिक्षुक मिळण्याची पंचाईत झालीच. रानड्यांनीं इ. स. १८९२ त प्रायश्चित्त घेतलें. स्वतःसाठीं त्यांस त्याची गरज वाटत नव्हती. ज्या स्नेह्यांच्या घरीं वडीलधारीं माणसें वाळीत पडण्याच्या भयानें झुरत होतीं, त्यांच्यासाठीं ते झुकले. सुधारकांनीं त्यांस दोष दिला, आणि रमाबाई रानडे यांचें मनही त्यानें कष्टी झालें, हें त्यांच्या इ. स. १९१० त प्रसिद्ध झालेल्या आठवणींवरून कळतें. आम्हांस रानड्यांचा दोष दिसत नाहीं. परक्याच्या घरीं त्याचा मान राखण्याचें जें सौजन्य, तेंच त्यांनीं स्वकीयांच्या घरींही दाखविलें.

पुढें हा बांध कसा फुटला हें थोडक्यांत सांगतां येतें. इ. स. १९०३ च्या कायद्यानें चहावर उपकर बसला, व त्या पैशांतून मळेवाल्यांनीं देशभर प्रचार चालविला. रेल्वेच्या फलाटांवर व बाजारांत चहा दिसूं लागला. आमच्या भागाजवळून जाणारी दौंड-मनमाड रेल्वे इ. स. १८७८ सालींच सुरू झाली होती. दुष्काळी तालुक्यांत दुधाची टंचाई नेहमींची, साखर महाग. म्हणून गुळाचा, बिनदुधाचा चहाही चालला. विलायती फांटाचा काढा झाला, यजमानिणीचा मान गृहिणीकडे आला, चिनी मातीची बशी घासून पुन्हां पुन्हां वापरूं लागले, आणि प्रायश्चित्ताचा प्रश्न कोणी काढीनासा झाला.

कर्जत, राशीन, मिरजगांव या बाजूंच्या जुन्या घरांतील वह्या ज्यांच्या हातीं येतील त्यांस एक विनंति. 'चहा' किंवा 'च्या' असा शब्द दिसल्यास ती ओळच नव्हे तर सबंध पान उतरून घ्यावें. शेजारीं साखर, पेले, बश्या असतील तर तो बैठकीचा चहा. सुंठ, ज्येष्ठमध, लवंग अशी सोबत असेल तर तो सुरतेच्या वाण्यांसारखा औषधाचा, आणि त्याची जागा वैद्याच्या बाडाशेजारीं. खर्च श्राद्धपक्षाच्या दिवसांतला आहे कीं साहेबाचा मुक्काम गांवीं असतांनाचा, हें पाहण्यासाठीं तिथि अवश्य टिपावी. आणि पान फाटकें असलें तरी टाकूं नये.