देवलांचा गंधार

सांताक्रूझच्या एखाद्या घरी आज तंबोरा जुळवून झाल्यावर संगणकावर स्प्रेडशीट उघडावी आणि पहिल्या चौकटीत षड्जाची कंपने म्हणून २४० हा आकडा भरावा. त्यास दीडपटीने गुणीत, सप्तकाबाहेर गेल्यास निम्मे करीत उतरत जावे. पंचम, ऋषभ, धैवत आणि चौथ्या पायरीस गंधार, तो ३०३.७५. बारा पायऱ्यांनी फिरून षड्जावर यावे, तर आकडा दिसतो २४३.२७! पंचमांचे वर्तुळ मिळतच नाही. तंबोऱ्याच्या खर्जातून जो गंधार आपोआप बोलतो, तो मात्र याच सप्तकात आणला असता ३०० चा, म्हणजे षड्जाच्या सव्वापट. दोन्ही गंधारांतील अंतर ८१ भागिले ८०.

हा हिशेब महाराष्ट्रात हाताने केला तो कृष्णाजी बल्लाळ देवल या निवृत्त डेप्युटी कलेक्टरांनी. 'शारदा'कार गोविंद बल्लाळ देवल यांचे हे बंधू. भरतमुनींनी सात स्वरांस चार, तीन, दोन, चार, चार, तीन, दोन अशा बावीस श्रुती वाटून दिल्या. पण अपूर्णांक एकही सांगितला नाही, दोन वीणा व कान यांवर भिस्त ठेवली. देवलांनी अब्दुल करीम खाँसाहेबांचे स्वर तारेच्या मापनयंत्रावर ताडून पाहिले, प्रत्येक श्रुतीस गुणोत्तर दिले आणि १९१० साली पुस्तक प्रसिद्ध केले. महसुली दप्तरात मुरलेल्या माणसाने श्रुतींचीही अशी मोजणी करावी, यात नवल ते काय?

त्यांचे सहकारी क्लेमेंट्स हे न्यायखात्यातील इंग्रज अधिकारी. त्यांनी या गणितावर श्रुतिपेटी करविली. साध्या पेटीचा गंधार ३०२.३८ वर, म्हणजे दोहोंपैकी कोणत्याच घरचा नव्हे. तो दोष काढण्याचा हा प्रयत्न. परंतु १९१६ साली बडोद्यास भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत ही पेटी पुढे आली, तेव्हा भातखंडे यांस ती मान्य झाली नाही. साध्या पेटीवरचा राग पुढेही शमला नाही. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने तिला दाराबाहेर ठेवले, ते सुमारे तीस वर्षे.

देवलांचे गणित चुकलेले नव्हते. चूक असेल तर ती गळा एका आकड्यावर स्थिर उभा राहतो या समजुतीत. नझीर जयराजभॉय व स्टोन यांनी १९६३ साली ध्वनिमुद्रणांवरून मोजमाप केले, तेव्हा गंधार कलावंतागणिक निराळा निघाला. इतकेच नव्हे, एकाच कलावंताच्या एकाच वादनातही तो हलता आढळला. स्प्रेडशीटमध्ये ३०० आणि ३०३.७५ या दोन चौकटी शेजारी शेजारी मांडता येतात. मींडेने जाणारा आवाज त्या दोहोंमधील सारी वाट चालून जातो, आणि त्या वाटेस रकाना पाडता येत नाही.